हात पाठीवर बांधणाऱ्या कांताताई

"कमांड नॉट फाउंड." मशीननं असं लिहिलं, म्हणजे कमांड सापडतच न्हाई. दुसरी कमांड टाकली, तेच. फाईली दाखव म्हणलं, तरी तेच. सकाळी बरं चाललेलं मशीन माझ्या एका ओळीनं बंद पडल्तं आन् बारा वाजता साहेब बघायला येणार होते. माझा चाचणीचा महिना होता, मशीन चाललं तर नोकरी, न्हाई तर घरी. टेबलाखाली लेक झोपल्ती. मी वरडले, "कांताताई, पळा! मशीन मेलं!"

कांताताई पळाल्या न्हाईत. चहा संपवला, कप धुतला, मंग माझ्या खुर्चीमागं दोन्ही हात पाठीवर बांधून उभ्या राह्यल्या. नवीन जालन्यातल्या आमच्या बियाण्याच्या हापिसात सगळे कम्प्युटर त्याच सांभाळायच्या, पण शिकणाऱ्याच्या कीबोर्डला त्यांनी बोट लावलेलं कुणी पाह्यलं न्हाई.

"मेलेलं बोलत न्हाई बाई. हे तर बोलून राह्यलंय. काय म्हणतंय ते वाच आधी."

कुंभार पिंपळगावच्या त्या, पन्नाशीच्या, टायपिंग क्लासातून कम्प्युटरवर आलेल्या. मी दहावी नापास, इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचणारी, मला त्यांनीच इथं आणलं.

काम असं होतं. बियाणं मोजायचा नवा प्रोग्रॅम बसवायचा. त्याला लागणारं सामान इंटरनेटवरून आणणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, पॅकेज मॅनेजर. मेन डिस्क भरल्ती, म्हणून त्याला सांगायचं होतं की सामान दुसऱ्या डिस्कवर ठेव. ते सांगायला एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल. नाव ऐकूनच मला घाम. ताई म्हणल्या, "अगं, दारावरच्या पाट्या हायेत त्या. एका पाटीवर, सामान कुठं ठेवायचं. दुसरीवर, कमांडा कुठं सापडतील. बस्स."

पहिली पाटी मी बराबर लिहिली. दुसरीवर जुन्या पत्त्यांच्या पुढं नवा पत्ता जोडायचा होता. पण जुनं लांबलचक बघून मला कचराच वाटला. झाडून काढला आन् एकटा नवा पत्ता लिहिला. कमांडा बिचाऱ्या सापडतील कुठून?

"बंद करून चालू करते," म्हणत माझं बोट बटणाकडं गेलं.

"थांब! ती जुनी खिडकी उघडी हाय ना? तिला बिलकुल बंद करू नको."

स्क्रीनवर दोन खिडक्या होत्या. जिच्यात मी ते लिहिलं ती, आन् नंतर तपासायला उघडलेली नवी.

"एकाच मशीनच्या ना ताई दोन्ही?"

"एकाच. पण खिडकी उघडतानाच पाट्या वाचती, परत वळून बघत न्हाई. जुनीनं तू झाडायच्या आधी वाचलंय."

"म्हणजे तिला अजून ठाऊक हाय?"

"मला काय इचारती? तिलाच इचार."

इचारलं. सगळे जुने पत्ते एका ओळीत आले! भीती तशीच होती, पण मला नवलच वाटलं, एक सगळं इसरली आन् शेजारचीला सगळं ध्यानात.

"ताई, आता तुम्ही टाका ना! दहा मिनिटं राह्यलीत!"

"बोट तुझं, चूक तुझी. मंग दुरुस्ती माझी कशी?"

असा राग आला! जिन्यात बूट वाजले, लेक उठून रडाया लागली. ताईंनी तिला कडेवर घेतलं, कीबोर्डला तेवढा हात लावला न्हाई. जुन्या खिडकीतनं मी पाटीवर जुने पत्ते आन् त्यांच्या पुढं नवा, असं एक एक अक्षर टाकलं, तिसरी खिडकी उघडली, फाईली दाखव म्हणलं. दिसल्या.

साहेबांनी ताईंना इचारलं, "झालं का?" ताई म्हणल्या, "तिला इचारा. तिनं केलंय."

साहेब गेल्यावर मी ताईंना बोललेच, "इतकं कसं हो दगडाचं काळीज?" तवा सांगितलं त्यांनी. "माझा टायपिंगचा मास्तर लई प्रेमळ. अडले की माझं बोट धरून टाईप करायचा. परीक्षेत बोटं होती, मास्तर नव्हता. दोनदा नापास झाले."

मागच्या हिवाळ्यात कांताताई गेल्या. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते.

काल नव्या आलेल्या उमानं तीच चूक केली. तिचाबी चाचणीचाच महिना. जुनी खिडकी उघडी होती, तेवढं मी दाखवलं. जिन्यात बूट वाजले. "ताई, तुम्ही टाका ना!" म्हणत तिनं मागं पाह्यलं, डोळे भरल्ते. मी टाकलं असतं तर काम अर्ध्या मिनिटाचं होतं. मी हात पाठीवर घट्ट धरले, नखं रुतली तळव्यात. दार उघडलं तवा तिची ओळ अर्धीच झाल्ती. "अजून पाच मिनिटं साहेब, ती करून राह्यली," मी म्हणले. साहेबांनी घड्याळ पाह्यलं, ती एक एक अक्षर शोधून टाकत होती.

खरं सांगा, तुमचे हात राह्यले असते का पाठीवर?