नंबर कुणी फिरवायचा

मालतीबाईने आपण होऊन कुणाला फोन लावलेला मी कधी पाहिला नाही. आणि ही बाई पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. कुणाच्या बाळंतपणाचे, कुणाच्या मयताचे, अख्ख्या तालुक्याचे ट्रंक कॉल तिने जोडून दिले होते. स्वतःचा फोन वाजला की ती "हॅलो" म्हणत नसे. "बोला, कोण हवंय?" म्हणायची. घरात एकटी. दुसरं कोण असणार होतं?

बोईसरजवळच्या सालवडला आमची दारं समोरासमोर. माझ्याकडे काही काम असलं तरी ती हाक मारायची नाही. दार अर्धं उघडं टाकून बसायची. मी आत डोकावले की म्हणायची, "वाऱ्यासाठी उघडलंय." मी जवळच्याच, समुद्राकाठच्या नवापूरची, मासळीवाल्यांच्या घरातली, चौथी शिकलेली. आमच्याकडे गरज लागली की माणूस गल्लीच्या टोकावरून ओरडतो. मला हे दार उघडं ठेवणं कधी पटलं नाही.

तिचा एकुलता मुलगा अनिरुद्ध कॅनडात. त्याचा फोन आला तर महिन्याने, नाहीतर नाहीच. मी म्हणायची, "तुमी लावा की. पोरगा हाय तो तुमचा, कलेक्टर नाय." तिचं उत्तर ठरलेलं. "यमुनाबाई, ज्याला गरज, त्याने नंबर फिरवावा."

मागे एकदा तो आला तेव्हा आपलं जुनं पुस्तकं वाचायचं यंत्र तिला देऊन गेला. पाटीसारखं, पण हातात मावणारं. तिच्या डोळ्यांचं तेव्हा बिनसलेलं होतं. छापील ओळ तिला मधोमध पुसल्यासारखी दिसायची. डॉक्टरने सांगून टाकलं होतं, आहे तोवर वाचून घ्या. यंत्रात अक्षर चिंचोक्याएवढं करता यायचं, म्हणून ते तिच्या कामाचं. पण आत सगळी मुलाची इंग्रजी पुस्तकं. तिला वाचायचं होतं एकच. मिठागरावरच्या मुकादमाच्या खुनाची एक कादंबरी होती, तीन भागांची. रात्रपाळीला बसून तिने दोन भाग वाचले होते, वाचनालयातून आणून. तिसरा यायच्या आधी वाचनालयच बंद पडलं.

"तेव्हापासून मुकादम मरून पडलाय आणि खुनी मोकळा फिरतोय," ती म्हणायची.

"मंग कळल्यावर तुमी काय करणार? पोलिसात जाणार?"

"नाही. झोपणार."

पुण्याच्या एका प्रकाशकाने तो तिसरा भाग काढला, पण कागदावर नाही. फोनवर विकत घ्यायचा. बोईसर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्या मिश्राजींनी तिला तो घेऊन दिला. आता पुस्तक फोनमध्ये आणि वाचायचं यंत्रात. एवढंच अंतर. पण त्या अंतराने आमचा जीव खाल्ला.

पहिल्यांदा मिश्राजींनी यंत्राला वायर लावून कॉम्प्युटरला जोडलं. कॉम्प्युटरला यंत्र दिसेना. मिश्राजी म्हणाले, "माताजी, ये केबल सिर्फ चार्जिंगवाला है, इससे किताब नहीं जाएगा." दुसरी वायर आणली तर पुस्तक गेलं, पण यंत्र ते उघडेना. मी म्हटलं, विकत घेतलेलं पुस्तक आहे, चोरीचं नाही, मग उघडायला कसली हरकत? मिश्राजी हसले.

मग त्यांनी शोधून काढलं की यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर ईमेलने पुस्तक धाडायचं. धाडलं. संध्याकाळी घरी आलो तर पडद्यावर मुकादमाचं पुस्तक हजर. मालतीबाईने त्याला हात लावला नाही. नवीन पुस्तक ती सकाळी आंघोळ करूनच उघडायची. सकाळी दार अर्धं उघडं. मी गेले. पुस्तक नाही.

पुन्हा रिक्षा, पुन्हा बोईसर. मिश्राजींनी पुन्हा धाडलं. आंघोळीचा नेम मोडून तिने त्याच संध्याकाळी चार पानं वाचली. सकाळी पुन्हा गायब. इंग्रजी पुस्तकं मात्र जागच्या जागी. मी म्हटलं, "ह्या यंत्राला मराठी पचत नाय." मिश्राजींनी प्रकाशकाकडे फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, आमच्याकडून फाइल गेलेली आहे, आणि गाणं लावून निघून गेली. मालतीबाईला तेवढ्यानेच राग आला. "माणसाला धरून ठेवायचं तर सांगावं किती वेळ. गाणं काय लावता?"

असं चार महिने चाललं. धाडायचं, संध्याकाळी भराभर वाचायचं, सकाळी नाहीसं. प्रत्येक वेळी सुरुवातीची तीच पानं. त्या चार महिन्यांत तिच्या ओळीतलं पुसलेलं भोक मोठं झालं. चिंचोक्याएवढं अक्षर पुरेना, सुपारीएवढं करावं लागलं.

शेवटी मिश्राजींनी वरच्या कोपऱ्यातल्या इंग्रजी नावावर बोट ठेवलं. "ये अनिरुद्ध कौन है? मशीन तो इनके खाते पे चल रहा है. जो इधर आता है, वो उनके पास भी जाता है. आपके नाम पे कर दूँ? दो मिनट का काम है."

"नाव राहू द्या," मालतीबाई म्हणाली.

"पहले दिन भी मैंने पूछा था, नाम बदल दूँ क्या. तब भी आपने यही बोला था," मिश्राजी म्हणाले.

म्हणजे पहिल्या दिवशीच, मी बाहेर रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत होते तेव्हा, बाईने नाव बदलायला नकार दिला होता, आणि कोपऱ्यातलं नाव इंग्रजीत म्हणून मला ते कधी वाचताच आलं नव्हतं. रोज ते नाव बघत बसायची. मला इतका संताप आला की परत येताना मी रिक्षावाल्याच्या बाजूला जाऊन बसले.

घरी आल्यावर मी अनिरुद्धला बोलून निरोप पाठवला. "अरे, तुझ्या आयशीची पुस्तकं जातात कुठं?" रात्री त्याचं उत्तर आलं. "मावशी, ती आईची होती? मला वाटलं कुणी जाहिराती पाठवतंय. मी कामावरून आलो की रोज पुसून टाकायचो. ते यंत्र माझ्या खात्यावर आहे, इथे पुसलं की तिकडूनही जातं, हे विसरलोच होतो. आता नाही पुसणार."

सकाळी दार अर्धं उघडं होतं. मी तिला ते ऐकवलं. तिने यंत्र जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं पाठवलेलं त्याला पोचत होतं."

"पोचत होतं आणि तो पुसत होता."

"ते नंतरचं. लाइन चालू होती ना."

मी कपाळाला हात लावला.

पुस्तक राहिलं. अनिरुद्धने मला हेही कळवलं होतं की आई जिथे थांबते ते पान त्याला तिकडे दिसतं. मी ते तिला सांगायला नको होतं. आता ती दिवसाला पानभरच वाचू शकायची, पण सकाळी उठली की न वाचता चारपाच पानं पुढे सरकवायची आणि मग मागे येऊन आपलं पान शोधत बसायची. त्यात निम्मी दुपार जायची.

"हा काय खेळ?"

"त्याला कळतं, मी उठलेय."

"फोन करून सांगा उठलेय म्हणून. आता नंबरसुद्धा फिरवावा लागत नाय, नावावर बोट ठेवायचं."

"गरज त्याला असेल तर तो करील."

श्रावणात ती न्हाणीत पडली. पालघरच्या हॉस्पिटलात मी तिच्याजवळ होते, तेव्हा माझा फोन वाजला. अनिरुद्ध. "मावशी, आईचं पान चार दिवस हललं नाही. बरी आहे ना?"

"तिलाच विचारायचं होतंस."

"तिने कधी केलाय का मला फोन?" तो म्हणाला.

मी फोन तिच्या कानाला लावला. ती डोळे मिटून म्हणाली, "बोला, कोण हवंय?" मग तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती "हं, हं" करत राहिली. शेवटी म्हणाली, "झालं का बोलणं? ठेवते." आणि फोन माझ्या हातात दिला. तो येईपर्यंत ती गेलेली होती.

दिवस करून तो निघाला तेव्हा यंत्र माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मावशी, हे तुमच्याकडे राहू द्या. नाव बदलू नका." एवढंच. आईसारखाच, अर्धं दार उघडं ठेवून.

पुस्तकाची शेवटची पानं तिची वाचायची राहिली होती. ते चार महिने वाया गेले नसते तर तिने सहज संपवलं असतं. हा राग माझा अजून गेलेला नाही. मी चौथीची, अक्षर सुपारीएवढं ठेवून बोट लावून वाचत गेले. रोज पान हलत होतं, म्हणजे त्यालाही तिकडे कळत असणार. काल पुस्तक संपलं. मुकादमाचा खून कोणी केला ते मला कळलं आहे.

अनिरुद्धला जाणून घ्यायचं असेल. त्याने नंबर फिरवावा.