कुलपातलं रताळं

"हात पसर," म्हणायची. नमस्कार नाही, बरंवाईट विचारणं नाही. दारात उभी राहिली की आधी "हात पसर." आपण पसरायचा. मग पदराच्या गाठीतून काहीतरी निघायचं. मिरचीचं चिमूटभर बी, आल्याचं बोट, कंदाचा डोळा असलेला तुकडा. "लाव. न्हाई लावलंस तर तोंड दाखवू नकोस मला."

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, रिकाम्या हातानं कुणाचा उंबरा न चढणारं. आमच्याकडं ही होती. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही तेच लिहितो. नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिचं परडं आणि आमचं परडं, मध्ये काट्यांचं कुंपण. नवरा तरणाच गेला, लेक खानापुराकडं दिलेली. घरात बाई एकटी, पण परड्यात कंदांची जत्रा भरलेली.

एकदा रामनगरच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "अक्का, तिकीट." ही म्हणाली, "हात पसर." त्यानं पसरला. पैशाच्या आधी हातात सुरणाचा गड्डा आला. "घरी आई हाय न्हवं? तिला दे. शिजवू नको म्हणावं, मातीत घाल." अख्खी बस हसली. बिचारा एका हातात सुरण धरून पुढची तिकिटं फाडत गेला.

माझ्या बायकोचं आणि तिचं एकदा कोंबडीवरून भांडण झालं. आमच्या कोंबडीनं तिचं आलं उकरलं होतं. दोघींचं बोलणं बंद. एकमेकींकडं बघायच्या पण नाहीत. तरी पेरणीच्या तोंडावर कुंपणावरून टोपली आलीच. "भांडण तोंडाचं हाय वैनी, बियाचं न्हाई." बायकोनं तोंड फिरवूनच टोपली घेतली. मी हसलो, तर मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

हे नुसतं तिचं वेड नव्हतं. आमच्याकडं रीतच आहे. बी एका घरात ठेवायचं नाही. मिळालं ते लावायचं, त्यातलं दुसऱ्याला द्यायचं, आणि ज्यानं आपल्याला दिलं त्याचं बी कधी बुडालं तर त्याला परत नेऊन द्यायचं. एके साली रानडुकरांनी अक्काची सगळी मुडली उकरून खाल्ली. मुडली म्हणजे अळवाच्या जातीतला आमचा हातभर लांब कंद. अक्का रडली नाही. डुकरांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या आणि चूल पेटवली. पुढं पेरणीला बाजारकुणंगपासून लोक डोक्यावर टोपल्या घेऊन आले. तिनंच कधीतरी दिलेलं बी फिरून फिरून आलं होतं. प्रत्येक गड्डा उचलून बघत होती. "ही माझीच. बरी सुटलीया अंगानं! काय खाऊ घालता हो हिला?"

मग दोन देशांचं काहीतरी ठरलं. आपला देश आणि एक परका देश मिळून आमची फळं, भाज्या, कंद सुधारणार होते. जोयड्याहून जीप आली. त्यातून आपले साहेब उतरले आणि त्या देशाची एक उंच बाई. बाई वाईट नव्हती, खोटं कशाला सांगू. मांडी घालून बसली, वाढलं ते खाल्लं, बोटं चाटली. मग साहेब म्हणाले, मॅडमना तुमच्या कंदांचे नमुने न्यायचे आहेत. घराघरानं काढून दिले. अक्का पुढं झाली. "हात पसर." साहेबानं इंग्रजीत सांगितलं तशी बाईनं दोन्ही हात पसरले. अक्कानं बियासाठी राखलेली सगळ्यात चांगली मुडली तिच्या हातावर ठेवली. बाईनं ती पिशवीत घातली आणि अक्काला मिठीच मारली.

जीप गेल्यावर अक्का माझ्या बायकोला म्हणाली, "आता ही आपली झाली वैनी. बी नेलं की सोयरीक झाली."

पुढच्या वर्षी सडकेला लागून हिरव्या जाळीचं मोठं घर उभं राहिलं. आत ठिबकच्या नळ्या, आणि त्या देशाहून आणलेलं रताळं. आतून केशरी, लवकर येणारं, पानाचे शेंडे जांभळे. अक्काला तिथं कामाला घेतलं. ती खूष. "नळी थेंब थेंब पाजतीया वैनी, बाळंतिणीनं पाजावं तशी!" नळी चांगलीच होती. रताळंही चांगलं होतं. माझा राग त्यांच्यावर नाही.

जाळीच्या दाराला कुलूप होतं. साहेबानं बजावलं होतं, अजून तपासणी चालू आहे, वेल त्यांच्या देशाचा आहे, एक पानसुद्धा बाहेर जाता कामा नये. वेल छाटले की शेंडे जाळायचे. अक्का "व्हय" म्हणाली. पण तिच्या मनाला हे पटेना. त्यांनी आपली मुडली नेली, मग हे रताळं त्याची फेड म्हणूनच आलं असणार. माझ्या घरी बसून म्हणाली, "फेड म्हणून आणलंय, ते घराघरांत नको जायला? आनि जिता वेल जाळायचा? असं पाप कोन करतं?"

आणि जाळायचे शेंडे पदरात घालून ती घरोघर फिरली. हात पसर. हात पसर.

तेव्हा माझी बायको अंथरुणाला लागली होती. हुबळीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घशाखाली मऊ तेवढंच उतरायचं. अक्का म्हणाली, "वैनी, हे लोण्यासारखं शिजतंय. दिवाळीला खायचं." मी लावतो म्हटलं तर बायको म्हणाली, "तुम्ही नका. तुमचा हात जड हाय." मग तिला उचलून परड्यात नेलं, पाटावर बसवलं. अंगात जोर नव्हता. बोटानंच माती टोकरून तिनं वेल लावला आणि धापा टाकत हसली.

गणपतीच्या चवथीआधीच ती गेली. वेल मात्र पसरला, कुंपणापर्यंत गेला. सकाळी उठून मी त्याच्याजवळ बसत असे. बोलतही असे. हसायचं तर हसा.

मग कुणा साहेबानं सडकेवरून जांभळे शेंडे पाहिले. जीप आली. जाळीच्या घरापुढं सगळ्यांना बोलावलं.

"कुणाकुणाला दिलंस?"

"ज्यानं हात पसरला त्याला."

"नावं सांग."

"तुमच्या मॅडमनं पण पसरला हुता सायब. आधी तिचं घर बघून या."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. अक्काचं काम तिथल्या तिथं गेलं. मग हातमोजे घातलेली माणसं परड्यापरड्यांत शिरली.

माझ्याकडं आली तेव्हा मी वेलापुढं उभा राहिलो. म्हटलं, "हे माझ्या बायकोनं लावलंय. ती गेली."

"अज्जा, बाजूला व्हा. वरून ऑर्डर हाय."

"वरून? वर तर ती गेलीया. तिनं न्हाई दिली असली ऑर्डर."

दोघांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. धक्का दिला असंही म्हणणार नाही, पोरं आमच्यातलीच होती. वेल उपटला. मुळाशी बोटाएवढी रताळी धरली होती. पोत्यात भरून, सडकेला नेऊन, डिझेल ओतून जाळली. ओला वेल लवकर जळेना. सगळा दिवस धूर होता.

आता मला कुणीतरी सांगा. रोगराई पसरेल म्हणता? मग आमची मुडली तुमच्या देशात गेली, तिला रोग नव्हता का? तिला कुणी कुलूप घातलं? आमचं नेताना पिशवी, तुमचं देताना जाळी, आणि ह्याला मैत्री म्हणायचं! दोन देशांनी हात मिळवले म्हणतात. मिळवा की. पण आमच्या परड्यात हात घालायच्या आधी आमची रीत विचारायची होती. त्या रितीवर आमचे कंद आजवर जगले. तुमच्या जाळीवर नाही जगले.

गावाचंही सांगतो. घरोघर ठिबकची नळी मिळणार होती ना, ती हातची जाईल म्हणून लोक भ्याले. अक्का दारात आली की हात पाठीमागं. "नको अक्का, जीप येईल." आणि ती आणायची काय, तर आपलीच हळद, आपलीच मिरची! दुकानाच्या कट्ट्यावरचा एक जण तर म्हणाला, "पावती हाय काय अक्का?" पहिल्यांदा ती पण हसली. "तुझ्या बारशाची पावती हाय माझ्याकडं, दाखवू?" मग तो रोजचाच खेळ झाला. पुढं पुढं तिनं त्या वाटेनं जायचंच सोडलं. एक दिवस लेक येऊन तिला घेऊन गेली. लेकीचं बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत, पुढं फरशी, मागं गटार.

ती लेकीकडं गेल्यानंतर जाळीच्या घरापुढं मोठा बोर्ड लागला. दोन बाजूंना दोन झेंडे आणि मध्ये अक्काचा फोटो, मॅडम आली त्या दिवशीचा, मुडली धरून हसणारी. खाली कन्नडमध्ये लिहिलंय, आमची प्रगतिशील शेतकरी महिला. अक्षर अक्षर जुळवून वाचलं मी.

परवा रामनगरच्या बससाठी तिथं थांबलो होतो. वॉचमनला म्हटलं, "बाई काढलीत तसा फोटो पण काढा."

तो म्हणाला, "फोटो सरकारी हाय अज्जा. त्याला हात लावता येत न्हाई."

बस आली. कंडक्टरनं हाक मारली. मी गेलो नाही. बोर्डाखाली दगड होता, त्यावर बसलो. तासाभरानं एक गाडी थांबली, शहरातली माणसं उतरली, फोटोचा फोटो काढू लागली. त्यातल्या एकानं विचारलं, "अज्जा, ह्या बाई कुठं भेटतील?"

म्हटलं, "बसा. सांगतो."