घडी न मोडलेलं चारित्र्य

“तीन नंबर, खाली उतर! कोनाचं चारित्र्य खराब हाय ते सांग याला! माजे घरान पोलीस आयलाय, तिसऱ्यांदा!”

आमची घरमालकीण करंजाड्यात ओरडली, की तिकडं दिवाळे गावच्या बंदरावर सुकत घातलेले बोंबील भीतीनं परत ओले व्हायचे. मी वरच्या मजल्यावर कणीक मळत होते. तशीच पिठाच्या हातानं खाली धावले. जिन्याच्या तोंडाशी मालकीण कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिच्यासमोर एक हवालदार, स्वतःचे बूट हातात धरून. बूट तिनंच काढायला लावले होते, लादी नुकतीच पुसली होती म्हणून. गणवेशातल्या माणसाला मोज्यांवर उभं करणारी दुसरी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

हवालदाराचं बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं आपलं छापील भाषेत विचारलं होतं, तुमच्या भाडेकरू महिलेच्या चारित्र्याबाबत काही तक्रार आहे का. आता पोलिसांच्या भाषेत चारित्र्य म्हणजे नावावर गुन्हा नसणं. आमच्या जिन्याच्या भाषेत चारित्र्य म्हणजे काय, ते कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. त्यात मी नवऱ्यामागं एकटी राहणारी. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी दारं बोटभर उघडली आणि फटीफटीला एकेक डोळा येऊन चिकटला. गच्चीवरचा कावळासुद्धा मान तिरकी करून ऐकत होता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

मी पेशंट सांभाळते. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि दिवसभर काहीबाही सांगत राहायचं. हे शेवटचं काम मला जरा जास्तच जमतं. आम्हा बायकांना कामं मिळवून देणारा एक ब्युरो आहे, त्याच्यामार्फत मी जाते. परकी बाई घरात घ्यायची म्हणजे लोक पोलिसांचा दाखला मागतात, आणि मागावाच. मी त्यांच्या जागी असते तर दोन मागितले असते. भानगड अशी, की दाखला ज्या घरच्या कामासाठी काढला, त्या घराचं नाव त्यावर येतं. पेशंट बदलला की ब्युरोवाला म्हणणार, ताई, नवीन काढा.

त्यामुळं माझं चारित्र्य पेशंटच्या तब्येतीवर अवलंबून. नेरूळचे पहिले आजोबा वर गेले, जाताना माझं चारित्र्य घेऊन गेले. दुसऱ्या आजी माझ्या सेवेनं इतक्या ठणठणीत बऱ्या झाल्या, की माझ्याच अंगावर खेकसून लेकीकडं पुण्याला निघून गेल्या. तेही चारित्र्य त्यांच्या सामानात गेलं. आता बेलापूरच्या आजोबांसाठी तिसरं काढायला टाकलं होतं. अट्टल दरोडेखोराची चौकशीसुद्धा कधीतरी संपते. माझी संपत नव्हती, कारण मी काहीच केलं नव्हतं.

मी हवालदाराला चहा दिला आणि हळूच विचारलं, पुढच्या वेळी जरा साध्या कपड्यांत येता येईल का. त्यानं मालकिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“ताई,” तो म्हणाला, “साध्या कपड्यांत मी तुमच्या दारात आलो, तर तुमचं चारित्र्य खरंच धोक्यात येईल.”

तो बूट घालून गेला आणि मालकीण पायरीवर बसली. ओरडून झाल्यावर तिचा आवाज एकदम साधा व्हायचा, आणि मला त्या साध्या आवाजाचीच भीती वाटायची. तिच्या सासऱ्याची भातशेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली, त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा हा प्लॉट मिळाला, त्यावर ही बिल्डिंग उभी राहिली. नवरा जाऊन वर्षं झाली होती. बिल्डिंग आणि लग्नाची एक मुलगी, एवढंच तिच्याकडं उरलं होतं.

“माजे पोरीला बघायला मानसं येतान आता,” ती म्हणाली. “ती वट्यावर बसलीत, आनि हा आयला चारित्र्य विचारत, तर कोनाचं म्हनून सांगू मी? ते काय इचारायला थांबतील? परत पोलीस आयला ना गो बाय, तर त्याचे मागोमाग तू पन उतर.”

मला राग यायला हवा होता, पण तिचंही खरं होतं. जिन्यातल्या पोलिसाला बघून पाहुणे कागद वाचायला थांबत नाहीत.

धमकी खरी आहे हे मला संध्याकाळी पाण्यावरून कळलं. करंजाड्यात पाणी कधी येईल ते पाण्यालाच माहीत. ते आलं की मालकीण जिना चढत दारोदार हाळी द्यायची: एक नंबर, पानी आयलंय, दोन नंबर, पानी आयलंय. भाडेकरूंची नावं तिनं कधी घेतली नाहीत, खोलीचा नंबर हेच नाव. आणि खोली रिकामी करायला सांगितलेल्या माणसाला ती हाळी देत नसे. त्या संध्याकाळी दोन नंबरनंतर थेट चार नंबर ऐकू आला. शेजारच्या बादल्यांचा आवाज ऐकून मी नळ सोडला, तेव्हा नळानं एकदा खोकून घेतलं आणि गप्प बसला.

पुढं काय व्हावं? दाखला माझ्या हातात पडला, आणि त्याच आठवड्यात बेलापूरचे आजोबा गेले. भला माणूस. आदल्या दिवशी माझ्या हातचा शिरा मागून खाल्ला, माझी एक गोष्ट ऐकून हसले, आणि झोपेतच गेले. मी त्यांच्या उशाशी बसून रडले. खोटं कशाला सांगू, आजोबांसाठी रडले आणि दाखल्यासाठीही रडले. दाखल्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. इतकं कोरंकरकरीत चारित्र्य पनवेल तालुक्यात कुणाकडं नसेल, आणि ते वाया गेलेलं.

ब्युरोवाल्यानं लगेच सीवूड्सचं काम काढलं. एक आजी, माकडहाड मोडलेलं, एकुलती एक मुलगी नोकरीला, सोमवारपासून बाई हवी. आणि अर्थातच, ताई, नवीन काढा. मी म्हटलं, अरे भाऊ, आजोबा गेले ते गेल्या आठवड्यात. मधल्या चार दिवसांत मी कुठं दरोडा घालणार होते, मला तर रडण्यातून सवड नव्हती. तो गरीब पोरगा हसला. म्हणाला, पार्टीनं लिहून दिलं की जुना चालेल, तर मी चालवतो. माझ्या हातात नाही.

म्हणजे सगळं त्या मुलीच्या हातात. ती नाही म्हणाली तर एकतर काम जाणार नाहीतर खोली. एकट्या बाईला खोली देणारी माणसं पुन्हा शोधणं काय असतं ते मला ठाऊक होतं. त्यापेक्षा खाडी पोहून जाणं सोपं.

सीवूड्सला गेले. मुलीनं दाखला दिव्याखाली धरून वाचला. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं. आतल्या खोलीतून आजी विचारत होत्या, कोण आलंय. मी एरवी अशा वेळी दोन-चार पराक्रम सांगते: आजोबांना कसं चालतं केलं, डॉक्टरांनी माझे पाय कसे धरले. त्या दिवशी जीभ आवरली.

“कागद नवा आहे, मान्य,” ती म्हणाली. “पण यात एवढंच आहे की तुमच्यावर गुन्हा नाही. मी सकाळी जाते ती रात्री येते. आईला उठून पाणीसुद्धा घेता येत नाही. बाई कशी आहे, ते यात कुठंय?”

मला तिचं म्हणणं इतकं पटलं की मी स्वतःच स्वतःवर संशय घ्यायला लागले. ती म्हणाली, मला नवा दाखला नको, तुम्हाला ओळखणारं कुणीतरी द्या, मी दोन मिनिटं बोलते. बेलापूरच्या आजोबांच्या घरी तेरावाही झाला नव्हता, तिथं फोन करा म्हणायला तोंड नव्हतं. पुण्याच्या आजींना मी कोण तेच आठवत नसणार. मग तुम्ही राहता तिथलं कुणी, ती म्हणाली.

तिथलं कुणी म्हणजे एकच कुणी. मी देवाचं नाव घेऊन मालकिणीचा नंबर दिला.

फोन लागला. स्पीकर लावायची गरजच नव्हती. आतल्या खोलीतल्या आजीसुद्धा ऐकत होत्या.

“तू पोलीस हाय काय गो?” मालकिणीनं पहिलं हेच विचारलं.

मुलीनं समजावलं, आईला सांभाळायला ताई येणार आहेत, म्हणून विचारते. पलीकडं तिनं टीव्ही बंद केला. मालकीण टीव्ही बंद करते, म्हणजे माझं काही खरं नाही, असं मी समजले.

“त्या खोटं बोलतात का हो?” मुलीनं विचारलं. सगळे प्रश्न सोडून हाच.

“बोलते,” मालकीण म्हणाली. “तोंड उघडलं का खोटं. परवा बोलली, डॉक्टरनं तिचे पाय धरले. घोरते पन लय, खालपर्यंत भिंत हलते. कांदा जाळते, जिना भरून वास.”

माझ्या डोळ्यांसमोर खोलीतलं सामान आपोआप टेम्पोत चढायला लागलं.

“मग तुम्ही त्यांना खोली कशी...” मुलगी अडखळली.

“ऐक ना गो. मी हळदीला जातंय, लग्नाला जातंय, दोन-दोन दीस घरी नसतंय. माजी चावी तिच्याकडंच असते. कपाटान माजे पोरीचं सोनं हाय. आनि माजी सासू शेवटाला माजे हातची पेज थुकायची, हिचेच हातची गिळायची. मी हिला सांगितलं नव्हतं हो, आपनच यायची. पैसं पन नाय घेतलं.” आणि वर, “आयेला खोट्या गोष्टी सांगेल. सांगू दे. म्हातारी हसंल.”

आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, “येऊ दे गं तिला.”

मुलीनं फोन ठेवला आणि ब्युरोला तिथल्या तिथं लिहून कळवलं, हाच दाखला चालेल. मी तिचे हात धरले. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, त्या डॉक्टरांनी खरंच पाय धरले होते का. मी म्हटलं, एकच धरला होता, आणि तो पेशंटचा.

परत येताना बसमध्ये मी मालकिणीचे आभार मानायची पाच-सहा भाषणं रचली. एकात तर तिला रडवलंसुद्धा. बिल्डिंगपाशी आले तर ती वट्यावर विळी घेऊन मासे साफ करत होती, समोर दोन मांजरं शहाण्यासारखी बसलेली. तिनं वर पाहिलं नाही. फोनचा विषय काढला नाही. माझी सगळी भाषणं बसमध्येच राहिली.

“काम मिळालं,” मी म्हटलं. “पोलीस येणार नाही. जुनाच कागद चालला.”

ती मासे साफ करत राहिली.

“मग मी राहू ना?”

तिनं हातातला मासा पातेल्यात टाकला, विळीचं पातं पाण्यानं धुतलं.

“तीन नंबर,” ती म्हणाली, “पानी आयलंय.”