बॉयलर, शेजारचे काका आणि आमची आई

मंडळी, आधी पोटभर हसून घ्या.

आज दुपारी इथे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टच्या बाजारातून आम्ही घरी आलो, तर घर तापवणारे रेडिएटर थंड आणि नळाला बर्फासारखं पाणी. बॉयलर पेटतच नव्हता. नुसती टिकटिक करायचा आणि लाल दिवा लावून गप्प बसायचा.

लेक पाच महिन्यांची. आई, म्हणजे माझी आई, गेल्याच आठवड्यात पुण्याहून आलेली. ती लेकीला शालीत गुंडाळून वरच्या खोलीत बसली. मी पाण्याचं प्रेशर बघितलं, चार वेळा रीसेट केलं. मेकॅनिक उद्या येणार म्हणे!

शेवटी शेजारच्या हेंक काकांची बेल वाजवली. ते सपाता घालूनच आले आणि पहिला प्रश्न, "गॅस सुरू आहे ना?"

मी इंजिनिअर. मला जरा रागच आला. काका वाकले. बॉयलरखालच्या गॅसच्या पाइपवरची पिवळी मूठ आडवी, म्हणजे बंद होती. त्यांनी ती सरळ केली, रीसेट दाबलं आणि बॉयलर पेटला.

जिन्यावरून आईचा बारीक आवाज आला, "अगं, निघताना मीच बंद केला. घरी करतो ना आपण, तसा."

काकांचे किती आभार मानू! पण आईवर चिडताच येईना. इतकी वर्षं आमचं घर तिनेच तर असं सांभाळलं.

संध्याकाळी फिरायला निघताना तिने नेहमीसारखं गॅसचं विचारलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग मीच विचारलं, "आई, गॅस बघितलास?"

"बघितला," ती म्हणाली. "चालू ठेवलाय."

तुमच्या घरी हे कोण बघतं?