दाराआडची तालीम

मालूताईंना मी पाहिलं नंतर. त्याआधी बरेच दिवस फक्त ऐकलं. चांदवडकडच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी नाशिकला आले आणि पंचवटीत मावशीकडे राहू लागले. मावशीच्या खोलीला लागूनच त्यांच्या दोन खोल्या होत्या. सकाळी मी नळावर निघाले की त्यांच्या बंद दाराआडून आवाज यायचा, "बरी आहे. तुमचं कसं चाललंय?... हो, ऊन फार आहे... ड्युटीला चालले." मग एक म्हातारा आवाज म्हणायचा, "हसायचं राहिलं." की पुन्हा पहिल्यापासून, "बरी आहे. तुमचं कसं चाललंय?" थोड्या वेळाने कडी निघायची आणि पस्तिशीची एक उंच, सडपातळ बाई पदराचा काठ चिमटीत धरून बाहेर पडायची.

मला वाटलं, यांच्याकडे रोज कोणी पाहुणे येत असतील. मावशी हसली.

"पाहुणे कुठले! म्हातारी पोरीकडून घोकून घेती. लोकांशी काय बोलायचं ते."

"एवढ्या मोठ्या बाईकडून?"

"तशीच हाय ती. वाईट नाय गं. पण तशीच."

त्यांच्याबद्दल सगळ्यांजवळ तेवढाच एक शब्द होता. त्या तशा असण्याला काही नाव असेल तर ते आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही त्यांच्याविषयी नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. पण त्यांच्यासारखी माणसं हसण्यावारी नेली जातात हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

मालूताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. जी बाई नळावरच्या बायकांना चुकवून जायची, तीच कानाला हेडफोन लावून दिवसभर परक्या माणसांशी स्वच्छ बोलायची, हे मला कोडं वाटे. एकदा मी विचारलं. त्या माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाल्या, "फोनवर चेहरा नसतो. बाहेर लोक तोंडानं एक बोलतात आणि चेहऱ्यानं दुसरं. मला दोन्ही एकदम ऐकू येत नाही."

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. आमची पहिली ओळख झाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या डोक्याला तेल फार आहे. वास येतो." मी रडवेली झाले. आतून त्यांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, ओरडल्या, "मालू, हे मनात ठेवायचं!" मालूताई शांतपणे म्हणाल्या, "बरं. मनात." मग मला म्हणाल्या, "पण आता तुला कळलं आहे."

आजींनी यावर आपल्या परीने वाटा काढल्या होत्या. कोणी "जेवलात का?" विचारलं की नुसतं हो म्हणून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. पण मालूताई हटून बसायच्या, "जेवले नसेन तर हो कसं म्हणू?" शेवटी आजींनी तडजोड केली, "मग 'तुमचं झालं का?' असं उलट विचार." हे मात्र त्यांना पटलं, कारण प्रश्न खोटा नसतो. तालमीत त्या खोटं वाक्य कधीच घेत नसत. खरी वाक्यंच त्या जिभेवर बसवत.

माझी अवस्था फार वेगळी नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. वर्गात एकदा उभी राहून "सर, मला नाय समजलं" म्हणाले, तर मागच्या बाकावरून "नाय, नाय" असा सूर निघाला. त्यानंतर मी तोंड उघडणं सोडलं. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा होती. पडवीत मला गप्प बसलेली पाहून मालूताई थांबल्या.

"उत्तरं येत नाहीत?"

"येतात. पण बोलायला गेलं की घसा बसतो."

"मग तू तालीम केली नाहीस," त्या म्हणाल्या. जणू मी छत्री विसरले होते. "आत ये. दार लाव."

त्या आठवड्यात मी बंद दाराआड उभी राहून उत्तरं म्हटली. आजी परीक्षक व्हायच्या, मालूताई ऐकायच्या. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या. माझ्या बोलण्याला त्या कधी हसल्या नाहीत, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळतच नव्हतं. परीक्षेत माझा आवाज कापला, पण बसला नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना आजी गेल्या.

मालूताईंचे थोरले भाऊ, दादा, वहिनींना घेऊन धुळ्याहून आले. माणूस सज्जन होता. येताना पोटात एकच काळजी घेऊन आला होता, कारण आजी त्याला प्रत्येक भेटीत विचारायच्या, "माझ्यामागे मालूचं काय?" इकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो विचारायचा, "कसं झालं हो?" आणि मालूताई खरोखरच सांगू लागायच्या : कफ कसा अडकला, अंथरूण कितीदा बदललं, डोळे कोणी मिटले. माणसं अस्वस्थ होऊन चपला शोधू लागायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायका पडवीत कुजबुजल्या, "आई गेली, आणि टिपूस नाही!" दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि दार ओढून घेतलं.

मी पाणी द्यायला आत गेले, तेव्हा त्या मोरीपाशी आजींचा सुपारीचा अडकित्ता हातात घेऊन बसल्या होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या.

"दादानं घरमालकाला सांगितलं आहे," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर खोल्या सोडणार. मला धुळ्याला नेणार."

"आणि नोकरी?"

"वहिनी म्हणते, घरात चार माणसं आहेत, नोकरी कशाला." अडकित्ता थांबला. "भारती, तिथला रस्ता, तिथला नळ, तिथली माणसं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि आई नाही."

"तुम्ही दादांना सांगितलंत?"

"मी बोलायला लागले की तो म्हणतो, आता नको."

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. त्या दिवशी घाटावर बरीच कुटुंबं होती, ठिकठिकाणी पिंड मांडलेले. बायका वरच्या पायऱ्यांवर थांबल्या. गुरुजींनी आमचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. समोरच्या भिंतीवर चार-पाच कावळे होते. एकही हलेना.

कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं मानतात आणि घरचे लोक ती ओळखून मोठ्याने शब्द देतात. दादा हात जोडून पुढे झाले. "आई, मालूची काळजी करू नकोस. ती आमच्याकडे राहील. शब्द देतो." सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. कावळ्यांनी पंख झाडले आणि पुन्हा बसले.

ऊन चढत होतं. एक काका म्हणाले, "म्हातारीचा जीव हिच्यातच अडकलाय. हिला बोलू द्या." वहिनी मालूताईंच्या कानाशी लागल्या, "म्हणा हो वन्सं, दादाबरोबर जाईन. एवढं म्हणा, आईंना सुटू द्या."

पदराचा काठ मालूताईंच्या चिमटीत वेगाने फिरत होता. सगळा घाट आपल्याकडेच बघतोय असं मला वाटलं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आणि एकदा म्हटल्यावर, आईला दिलेला शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला असता. हे तिथे फक्त मला माहीत होतं.

त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "याची तालीम झाली नाही."

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांना चार पायऱ्या वर, एका लहानशा देवळाच्या आडोशाला नेलं. मागून काका म्हणालेच, "आता ही पोरगी कोण मधे?"

"काय म्हणायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मी जाणार नाही."

"मग तेच म्हणा."

"एवढंच?"

"आजींना काळजी कसली होती, तेही सांगा. खरं असेल तेवढंच."

त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मी म्हटलं, "पुन्हा." त्यांनी पुन्हा म्हटलं. मग त्या खाली उतरल्या आणि ट्रंक कॉलच्या त्या स्वच्छ आवाजात पिंडाकडे बघून बोलल्या :

"आई, मी दादाकडे जाणार नाही. दाराला कडी मी लावते. दूध मी घेते. ड्युटीला मी जाते. कोणी बोललं तर मी उत्तर देते. तू शिकवलंस तेवढं पुरतं आहे. उरलेलं भारती आणि मी बघू."

आता कावळा येणार असं मला अगदी आतून वाटत होतं. कावळा आला नाही. गुरुजींनी वाट पाहिली, सुस्कारा सोडला, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

"पाहिलंत?" काका म्हणाले. "आईला पटलं नाही."

मालूताईंनी वळून पाहिलं. "दादाच्या बोलण्यालाही कावळा आला नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यावरून काही ठरत नाही. आणि तिकडे बघा, सगळे पिंडच पिंड. कावळ्यांचं पोट भरलंय."

गुरुजींनी उपरण्यात तोंड लपवलं. वहिनी रागाने लाल झाल्या. दादा मात्र ओल्या पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "एकटीला भीती नाही वाटणार तुला?"

"वाटेल. धुळ्यालाही वाटेल."

"मग?"

"इथली ओळखीची आहे."

दादांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. धुळ्याला निघताना ते घरमालकाकडे जाऊन आले आणि पडवीतून म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." ती दिवाळी आली तशी गेली. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

आजींची जागा मी घेतली असं म्हणणं मोठेपणाचं होईल. सकाळी मी दाराआड उभी राहायचे, एवढंच. "हसायचं राहिलं" असं मात्र मी कधी म्हटलं नाही. ते हसू त्यांचं नव्हतं असं मला वाटायचं, आणि नळावरच्या बायकांनाही हळूहळू त्यांच्या न हसण्याची सवय झाली.

मला सुरगाण्याला शाळेत नोकरी लागली. निघायच्या दिवशी मालूताई स्टँडवर आल्या नाहीत. तिथला गोंगाट त्यांना सोसत नसे. त्यांनी मला घरात बोलावलं, दार लावलं.

"वर्गात गेल्यावर पहिलं वाक्य काय?"

मी सांगितलं.

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांचा स्वर कोरडाच होता. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आता जा. मला कडी लावायची आहे."

मी उंबऱ्याबाहेर आले. मागे कडी लागली. मन जरा खट्टू झालं. ट्रंक उचलायला वाकले, तेव्हा आतून आवाज आला. उद्या नळावर कोण काय विचारील, याची तयारी चालली होती.

"हो, भारती गेली... सुरगाण्याला... पत्र टाकेल." मग, "नाही, करमत नाही."

मी तशीच वाकून उभी राहिले.

"करमत नाही," मालूताईंनी आत पुन्हा म्हटलं.