कॅचरच्या घरचं जेवण

कुसगावात क्रिकेट खेळताना मी सीमारेषेवरून चेंडू थेट यष्ट्यांवर फेकायचो. त्या हातानेच मला जपानच्या एका व्यावसायिक बेसबॉल संघात नेलं. भाषा येत नसल्याने सराव संपला की मी एकटाच बसायचो.

एकदा आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझे चेंडू झेलणारा कॅचर शेजारीच होता. त्याने वाकून नमस्कार केला. आई त्याला म्हणाली, "बाबा, माजं पोरगं लय लाजाळू हाय. त्याला जेवाया बोलीव."

दुभाष्याने हसत त्याला अर्थ सांगितला. सुट्टीच्या दिवशी कॅचर मला खरंच घरी घेऊन गेला. त्याच्या आईने आग्रह करकरून भात वाढला. दुसऱ्या दिवशी मैदानात मी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली.