फिरकीचा तांब्या

आमच्या घरात कुणाच्या मुलाचं पोट बिघडलं की मी एक गोष्ट सांगते. माझ्या मुली ती सुरू व्हायच्या आतच संपवून टाकतात. "आणि मग ते बाळ मुतलं, व्हय ना गं आई?" असं म्हणून मोकळ्या होतात. तरी मी सांगते. आई गेल्यापासून जरा जास्तच सांगते.

आई निपाणीत डॉक्टर होती. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. आमची आई मात्र बेळगावला शिकून डॉक्टर झाली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिनं दवाखाना घातला. तिच्याकडं औषध कमी आणि बोलणं फार, अशी गावाची तक्रार होती. चिकाचं दूध टाकून देऊ नका, बाळाच्या कानात तेल घालू नका, पोट फुगलं म्हणून डाग देऊ नका. बाळ बसायला लागलं की मऊ भात कालवून भरवा. या सगळ्याची जाहिरात म्हणून मी मात्र साफ कुचकामाची होते. चौथीत असून दुसरीतली वाटायची. हातपाय म्हणजे वेताच्या छड्या. आईचं भाताबद्दलचं बोलणं ऐकता ऐकता बायकांची नजर माझ्यावर यायची.

"बाई, ही तुमचीच व्हय ओ?"

"माझीच. ऐकत न्हाय, म्हणून अशी."

तेव्हा मला फार राग यायचा. आता मी हे स्वतःच सगळ्यांना सांगत सुटते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी कोगनोळीकडच्या एका खेड्यातून सासू-सुना आल्या. सुनेच्या पदराखाली सात-आठ महिन्यांचा मुलगा होता. आदल्या दिवसापासून जुलाब. रडत होता, पण आवाज बारीक आणि डोळे कोरडे. आईनं त्याच्या टाळूवरून बोट फिरवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसलीच नाही.

"पाणी पाजलंत?"

"न्हाय बाई," सासू म्हणाली. "वरनं घातलं की खालनं जातंय. कालधरनं थेंब दिला न्हाय. आईचं बी बंद ठेवलंय. तवा कुठं जरा कमी आलंय."

"कमी आलं न्हाय आक्का, संपलंय. त्याच्या अंगातलं पाणी संपलंय. घागर गळती म्हणून भरायची थांबवली, तर ती रिकामीच ऱ्हाणार की."

"मग सुई मारा."

"सुईत पाणी न्हाय. आणि त्याला पाणीच पायजे. साखर-मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजायचं. पोटात ठरलं तर बरं, न्हायतर बेळगावला न्यावं लागंल. आणि तिथवर पोचंल का, ते मी सांगू शकत न्हाय."

एवढं बोलून आईनं मला स्वयंपाकघरातलं पाणी आणायला सांगितलं. तिथं उकळून गार केलेल्या पाण्याचं पिंप कायम भरलेलं असायचं. मी निघाले, तर म्हातारी म्हणाली, "पाणी नगो. पाणी हाय आमच्याजवळ." आणि पिशवीतून पितळेचा फिरकीचा तांब्या आणि पेला काढला.

आम्ही बौद्ध. दवाखान्याच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आईच्या हातची सुई साऱ्या गावाला चालायची, गोळीही चालायची. पाणी मात्र सगळ्यांना चालायचं नाही. मला कळायचं, पण इतकं समोर, इतकं सरळ कुणी म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होते. आई आता म्हातारीला बाहेर काढणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर तीच माझी इच्छा होती.

आई म्हणाली, "बरं. तुमचंच घ्या. पण उकळायला पायजे."

सुया उकळायच्या स्टोव्हवर तो तांब्या चढला. मग परातीत गार पाणी घालून त्यात ठेवला. निवेपर्यंत आईनं सुनेला बाळ अंगावर पाजायला लावलं. साखर-मीठ आमचं होतं, पण कोरडं चालत होतं. आमचा चमचा उकळून काढला, तोही चालला. आई हात मांडीवर ठेवून नुसती सांगत होती. "पेलाभर पाण्याला चमचाभर साखर. मीठ चिमूटभर, जास्त न्हाय. आता चाखा. डोळ्यातल्या पाण्यापरीस खारट लागलं तर टाकून द्या."

म्हातारीनं तळव्यावर घेऊन चाखलं. "बरोबर हाय," म्हणाली. म्हातारी हुशार होती, ते मात्र मानलं पाहिजे.

बाळानं पहिले काही चमचे ओकून टाकले. म्हातारी लगेच आईकडं बघायला लागली, बघा म्हणून. "जरा थांबा, मग परत. सावकाश," आई म्हणाली. दुसऱ्या खेपेला राहिलं. मग ते बाळ चमच्याला सोडेचना. चमचा लांब गेला की रडायचं. आणि तांब्यातलं पाणी संपलं.

"नळाचं आणून उकळू," म्हातारी म्हणाली.

"उकळून निवंस्तवर लई वेळ जाईल आक्का," आई म्हणाली. एवढंच. पिंपाचं नावही तिनं घेतलं नाही.

सुनेनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं, पेला उचलला आणि मला म्हणाली, "पाणी कुठं हाय गं पोरी?"

"अगं..." म्हातारी म्हणाली.

"आत्ती, पोरगं माझं हाय."

मी पिंपातलं पाणी तिच्या पेल्यात ओतलं. घाईत निम्मं तिच्या पायावर सांडलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आई बंद झालेल्या स्टोव्हला उगीचच पंप मारत बसली होती.

म्हातारीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग सून साखर घालायला लागल्यावर तिच्यानं राहवेना. "भरून घे की चमचा. आणि मीठ मी घालतो, तुझी चिमूट मोठी हाय."

उन्हं कलली तेव्हा म्हातारी एकदम किंचाळली. मी घाबरून धावले. तर तिच्या लुगड्यावर हा मोठा ओला डाग.

"मुतलं! बाई, मुतलं बघा!" नवं लुगडं मिळाल्यासारखी ती तो डाग सगळ्यांना दाखवत होती. आई हसली आणि मग कितीतरी वेळ डोळे पुसत राहिली.

जाताना म्हातारीनं सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, साखर किती, मीठ किती, अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मग रिकाम्या तांब्याची फिरकी घट्ट लावली आणि दोघी एस्टीकडं निघाल्या. एवढ्या उन्हात दुपारभर बसूनही तिनं स्वतः घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

"ती आपलं पाणी प्यालीच न्हाय," मी आईला म्हणाले. मला अजून काहीतरी हवं होतं.

आई परात उचलत म्हणाली, "तिला कुठं जुलाब लागलेत?"